मोहाखालचा रूसो

ज्यां-जाक रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ लिहिला. त्यात एके ठिकाणी ओकच्या झाडाखाली बसून सगळा कारभार शहाणपणाने चालवणारे खेडूत येतात. त्यांच्याकडे बघून रूसोला अगदी भरून येतं. ते किती वेळ बसत, कुणाला डुलकी लागे का, एखादा अडून बसला तर बाकीचे त्याचं काय करत, हे मात्र तो सांगत नाही. बैठकीचं इतिवृत्त ठेवायचं नाही ही तत्त्वज्ञांची जुनी खोड. त्यामुळे पुस्तक पॅरिसच्या गर्दीत शिरलं तेव्हा ओकचं झाड वाटेतच राहिलं. फ्रेंच राज्यक्रांतीतला रोबेस्पिएर हा रूसोचा मोठा भक्त. जनतेची इच्छा एकच असते, हे त्याने इतकं मनावर घेतलं की ज्यांची वेगळी निघाली त्यांची डोकी उतरवली. १७९४ मध्ये त्याचं स्वतःचंही गेलं. रूसो १७७८ मध्येच वारला होता. सुटला.

मला आपलं वाटतं, त्याची लाल गाडी चुकली. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी धरली असती तर वाटेत मेंढा (लेखा) इथे उतरता आलं असतं. ओक नसता मिळाला, पण मोहाला तोटा नव्हता.

चांदा-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांना वाघ, कोळसा आणि ऊन आठवतं. विचार कुणाला आठवत नाहीत. वास्तविक या मुलखाने विचारांचा पाहुणचार पुष्कळ केलाय. पॅरिसात क्रांती कॉफीच्या कपावर पिकली, आमच्या चिमूरला ती खंजिरीवर पिकली. तुकडोजी महाराजांची भजनं ऐकून तापलेली माणसं १६ ऑगस्ट १९४२ ला गोळ्यांसमोर गेली, आणि इंग्रजांनी महाराजांनाही तुरुंगात टाकलं. भजनीबुवाला राज्यकर्ते घाबरतात तेव्हा भजनात टाळापलीकडचं काहीतरी आहे असं समजावं. पुढे नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चांद्यात येऊन धम्मदीक्षा दिली. स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली, हे त्यांनी आकाशवाणीवर आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे अडीच हजार वर्षं जुना विचार इथे नवा म्हणून उतरला आणि घराघरातला देव्हारा बदलून गेला. विचाराचं वय जन्मतारखेवरून मोजू नये.

पण मेंढ्याकडे जाऊ. चारपाचशे वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध आंदोलन पेटलं, त्यातून गाव जागं झालं. गावात देवाजी तोफा होते. चंद्रपूरहून जयप्रकाश आणि विनोबांचे विचार घेऊन मोहन हिराबाई हिरालाल आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे सगळीकडे गाजली. घोषणा देऊन माणसं सहसा घरी जातात. हे लोक अभ्यासाला बसले.

जगातल्या बहुतेक क्रांत्या आधी होतात आणि अभ्यास मागून प्राध्यापक करतात. मेंढ्याने क्रम उलटा लावला. इथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरच्या शहाण्यांनी यावं, कायदा समजावावा, वाद घालावा. निर्णय मात्र गावाचा, आणि तो सर्वसहमतीने. बहुमत नाही. एका म्हातारीने “मला नाही पटलं” म्हटलं की विषय पुढच्या बैठकीला. रोबेस्पिएरला ही म्हातारी भेटायला हवी होती.

यात वेळ जातो. भयंकर जातो. पण कंटाळा सोसणं हा क्रांतीचा फार दुर्लक्षित गुण आहे असं माझं मत झालंय. गोळी झेलणाऱ्याचा पुतळा होतो. तीच चर्चा चौथ्यांदा ऐकून घेणाऱ्याचा अजून कुठे झालेला नाही.

या बसण्याचं फळ २००९ मध्ये आलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. आता बांबू तोडायचा आणि विकायचा. तर प्रश्न आला, बांबू म्हणजे काय? १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी तेव्हा तो झाड होता. वनस्पतिशास्त्राच्या लेखी गवत. झाड असेल तर मालक वनखातं, गवत असेल तर गौण वनोपज आणि मालक गाव. वस्तूचं खरं रूप काय, हा ग्रीकांपासूनचा प्रश्न, पण त्याच्या उत्तरावर वाहतुकीचा परवाना अडकल्याचं ॲरिस्टॉटलच्या काळी ऐकिवात नाही. नव्या कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात घातलं होतं, तरी खात्याला ते गवत गिळवेना. कागद गिरणीला बांबू जाताना मात्र त्याच्या जातकुळीची एवढी चौकशी झाली नव्हती. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बास्तीयच्या पाडावाइतकं ते चित्रमय नव्हतं. एक पुस्तक, पावत्यांचं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान केलं. शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे! १९६४ चा महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा, मूळ विचार विनोबांचा, आणि बहुतेकांना दोन्हींचा विसर पडलेला. बांधाच्या वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात काढतात त्या महाराष्ट्रात सातबाऱ्याबद्दल हे असलं काही ठरवायचं, तेही एकमताने. कसायचं आपणच, वारसही आपलाच, बाहेरच्याला विकणं तेवढं बंद.

याच जंगलात १९८० पासून गोदावरी ओलांडून माओचा विचार बंदूक घेऊन फिरत होता. त्याच्याबद्दल हसत लिहिता येत नाही. फार घरं गेली, दोन्ही बाजूंची आणि कुठल्याच बाजूला नसलेल्यांचीही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती गडचिरोलीतच शस्त्रं ठेवून आला. त्या विचारातही गरिबांचं राज्य होतंच. फक्त तिथे म्हातारीला नाही म्हणायची सोय नव्हती.

मेंढ्याचं हे सगळं वाचून मला चेव आला आणि आमच्या चंद्रपुरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी सर्वसहमतीचा ठराव मांडला. आमची लोकशाही अशी: गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, तेवढीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून राहतात, आणि अर्ध्या तासाने गणपूर्तीची गरजच उरत नाही. ही युक्ती रूसोलाही सुचली नव्हती. मी विनोबांपासून सुरुवात करून बांबूपर्यंत आलो. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि म्हणाले,

“सगळ्याइले पटेपर्यंत बसाचं म्हणता, ते ठीक हाये. पण मंग चाय कोन सांगन?”