हात कोणाचे?

कोविडकाळात परदेशातल्या काही सर्जरी विभागांनी प्रशिक्षणार्थी निवडताना उमेदवारांचे हात व्हिडिओवर पारखले. कॅमेरा बोटांवर, बांधा गाठ, घाला टाका. आपण त्याच्याही पुढे! जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात एमएस करायचं, तर नीट-पीजीचे 200 प्रश्न सोडवा. हस्तकौशल्य म्हणजे माऊसवर टिचकी. नीडल होल्डर कसा धरता, कुणी विचारत नाही. 2023 मध्ये तर पात्रतेचा पर्सेंटाइलच शून्यावर आणला.

बरं, व्हिडिओ आणला तरी पडद्यावर नुसते हातच दिसणार. ज्या मध्य प्रदेशात व्यापम मंडळाच्या पीएमटी या मेडिकल प्रवेश परीक्षेत दुसऱ्याच्या नावाने पेपर देणारे सापडले, तिथे ग्लोव्हज घातलेले हात भाड्याने मिळायला कितीसा वेळ? तेव्हा परीक्षक महाशय, गाठ नंतर बघा. आधी ग्लोव्हज उतरवून अंगठा घ्या.