रिकामं पिंप

नोव्हेंबरच्या शेवटी मी शिकागोत भाच्याकडे होते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो अंधारातच घराबाहेर पडला. त्या दिवशी तिथल्या दुकानांत मोठी सूट असते, तेव्हा मला वाटलं, टीव्ही घेऊन येणार. तीन तासांनी लालबुंद नाकाने परत आला तो दोन बाटल्या पोटाशी धरून. रांगेत उभा होता म्हणे, बियरसाठी. कडाक्याच्या थंडीत बियरसाठी रांग लावणारा मुलगा आपल्या पोटी जन्मला, हे बहिणीला फोनवर सांगावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला.

बाटलीवर ‘बोर्बन काउंटी’ लिहिलेलं होतं. बोर्बन म्हटलं की मला आधी बिस्किटच आठवतं. चहात बुडवायचं, मधे चॉकलेट असलेलं. भाच्याने कपाळावर हात मारला. ही अमेरिकेतली व्हिस्की, निम्म्याहून जास्त मक्याची. आणि बाटलीत होती ती व्हिस्की नाही, तर व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात वर्षभर मुरवलेली काळी बियर. तिचं नाव इंपीरियल स्टाउट. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारी असलीच जड, कडक बियर जायची, म्हणून हा ‘इंपीरियल’ थाट.

रात्री जेवण झाल्यावर तो समारंभ झाला. बाटली अर्ध्या लिटरची आणि प्यायला आम्ही चौघं: तो, सूनबाई, शेजारचा एक नागपूरकर आणि मी. आमच्याकडे मुंजीत पन्हंसुद्धा याहून सढळ हाताने देतात. पण नागपूरकर म्हणाला, “मावशी, साध्या बियरच्या जवळजवळ तिप्पट आहे ही, चौदा-पंधरा टक्के. जपून.” शिवाय ती गारही नव्हती. चांगली अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवली होती, कारण फार थंड असली तर तोंड उघडत नाही म्हणे. बाहेर बर्फ आणि आत कोमट बियर.

पेल्यात ओतली तेव्हा काकवीच वाटली. रंग तोच, धार तशीच सावकाश. वर कोकोच्या रंगाचा फेस आला आणि आम्ही नीट बघायच्या आत बसलाही. भाचा पेल्यात नाक घालून म्हणाला, “व्हॅनिला, चामडं, तंबाखू.” चामड्याच्या आणि तंबाखूच्या वासाचं कौतुक होतं असं पेय मी तोवर पाहिलं नव्हतं. माझे आजोबा कातडी पाकिटात तपकिरीची डबी ठेवत. त्या पाकिटाला वास यायचा खरा, पण ते चाटून बघावं असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मी एक घोट घेतला. आधी लागली ती पुरण करपल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड, गोड आणि कडू एकदमच. (जव भाजून भाजून कोळशाच्या रंगाचे करतात, त्याची ही चव.) मग खारीक, मग गूळ. गिळल्यावर सुंठीच्या काढ्यासारखी छातीत धग उतरली. आणि सगळ्यात शेवटी, अगदी मागून, काहीतरी ओळखीचं आलं.

“अरे, यात खोबरं आहे!”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. खोबरं नव्हतं. व्हॅनिलाही नव्हता. दोन्ही ओकच्या लाकडातून येतात. पिंप आतून जाळतात, लाकूड कोळसा होईपर्यंत. त्या आगीने लाकडातली साखर करपते, व्हॅनिलाचा सुगंध सुटतो. खोबऱ्याचा वास देणारा अंश ओकच्या अंगचाच. अशा पिंपात बोर्बन वर्षानुवर्षं पडून राहते. उन्हाळ्यात फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आखडून बाहेर येते. काढून घेतली तरी काही लिटर लाकडातच जिरलेली राहते.

मग पिंपात पुन्हा बोर्बनच का नाही भरत? कायदा आडवा येतो. बोर्बन म्हणवून घ्यायचं असेल तर पिंप आतून जाळलेलं आणि दर वेळी कोरंच हवं. एकदा वापरलं की ते दोनशे लिटरचं धडधाकट पिंप बोर्बनच्या लेखी बाद. मग ती पिंपं स्कॉचवाले नेतात, रमवाले नेतात. ग्रेग हॉल नावाच्या शिकागोच्या बियरवाल्याने जिम बीम घराण्यातल्या बुकर नो यांच्याकडून अशी सहा पिंपं मिळवली आणि त्यांत ही काळी बियर भरली. त्याची कंपनी १९९२ साल सांगते, काही चिकित्सक मंडळी १९९५ म्हणतात. नागपूरकर आणि भाचा यावर इतके भांडले, की मला पानिपतावरचा परिसंवाद आठवला.

मी मात्र तोवर सांगलीला पोचले होते. चैत्रात घातलेलं लोणचं पुढच्या वैशाखापर्यंत संपत यायचं. चिनी मातीच्या बरणीच्या तळाशी उरायचा तो नुसता खार, मोहरीचा फेस आणि तेल. आई त्या बरणीत गरम भात टाकायची, कोपरापर्यंत हात घालून कालवायची आणि आम्हा बहिणींच्या हातांवर एकेक गोळा ठेवायची. त्या गोळ्यावरून माझ्यात आणि या भाच्याच्या आईत जी मारामारी व्हायची, तिच्यापुढे शुक्रवारची रांग काहीच नाही. लोणच्यापेक्षा तो भातच चांगला लागायचा. मी म्हटलं, “अरे, हा बरणीतला भात आहे रे!” नागपूरकर लगेच हो म्हणाला. सूनबाई नाशिकची, तिला भाषांतर लागलं नाही. भाचा जरा हिरमुसला. पहाटेपासून रांग लावून आणलेल्या वस्तूला मावशीने खरवडीत काढलं होतं.

ओल्या चमच्याचं भयही तिकडे आहेच. २०१५ सालच्या काही बाटल्यांत नको ते जंतू शिरले, बियर आंबली आणि कंपनीने लोकांचे पैसे परत केले. आमच्याकडे लोणच्याला बुरशी आली की पैसे नव्हे, धपाटे मिळायचे.

माझं मत विचाराल तर पहिले दोन घोट फार सुंदर, तिसरा ठीक, चौथ्याला पुरे. ही जेवणानंतर बशीभर घ्यायची वस्तू आहे, पेलाभर नव्हे. उरलेली मी भाच्याच्या पेल्यात ओतली.

रिकामी बाटली तो टाकायला निघाला होता. ती मी मागून घेतली, धुतली आणि कपड्यांत गुंडाळून पुण्याला आणली. काचेला कसलाच वास धरत नाही. आता तिच्यात काकवी आहे.