रा. रा. रिकामे चौकोनराव यांस अनावृत पत्र



परवा रात्री जुन्नरच्या लॉजवर आपली गाठ पडली. निबंध बाराच्या आत पाठवायचा, लॅपटॉप घरी, हातात फोन. नाणेघाटाची तळटीप तपासायला फाइल उघडली, तर ब्राह्मीत जिथे सातवाहन राजाचं नाव ‘सिमुक’ लिहिलं होतं तिथे आपण मांडी घालून बसलेले. अक्षरं तीन, आपण पाच! वेलांटी आणि उकार यांच्या नावानेही वेगळे पाट मांडून घेतलेत.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पण वर कोरलेली काही नावं दोन हजार वर्षांनीही वाचता येतात. माझ्या फोनने नावच घालवलं.

आपल्याला हुसकवायला ‘नोटो सान्स ब्राह्मी’ उतरवून घेतला. फॉन्टवाले आपल्याला तोफू म्हणतात, आणि ‘नोटो’ म्हणजे ‘नो तोफू’. फुकट मिळतो. फाइलवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, ही उघडणारं अ‍ॅप नाही. सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट बदला’ दिसलं, जीव भांड्यात पडला. आत कंपनीचं दुकान निघालं: बदामवाले फॉन्ट, वेलबुट्टीवाले फॉन्ट, शाळकरी पोरीच्या वहीतले फॉन्ट. बाहेरचा फॉन्ट घालायची सोयच नाही. भाच्याला फोन केला. “मामा, रूट करून टाक.” आणि वॉरंटी? “ती जाणार.” एका मित्राने जुना फॉन्ट सुचवला, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी ब्राह्मी बसवलेली असते. म्हणजे संपादकाच्या संगणकावर सिमुकाचं एबीसीडी. नको रे बाबा.

आता जे झोंबलं ते सांगतो. ब्राह्मी युनिकोडमध्ये आली २०१० साली, ६.० या आवृत्तीत. त्याच आवृत्तीतून इमोजींची मोठी वरातही आत शिरली. त्यात हसरा शेणाचा गोळासुद्धा होता. तो माझ्या फोनवर लख्ख दिसतो, चकाकीसकट! अभ्यासक प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडलेली ही लिपी मात्र दिसत नाही. लाजा नाही वाटत? शेणाला जागा आहे आणि सातवाहनांना नाही?

माफ करा, चौकोनराव. हे आपल्याला उद्देशून नव्हतं. फॉन्ट नाही म्हणून आपल्याला उभं केलं जातं, आणि शिव्याही आपणच खाता. पण आपण निदान जागा धरून बसता. इथे काहीतरी लिहिलेलं होतं, एवढं तरी खरं सांगता. दुसऱ्या एका अ‍ॅपने तेच नाव गुपचूप गाळलं आणि वाक्य असं जुळवून ठेवलं की मलाही आधी कळलं नाही. त्यापेक्षा आपण बरे.

आपला,
एक तळटीपवाला

ता. क. शेवटी लॉजच्या पावतीमागे पेन्सिलीने सिमुक लिहिला, फोटो काढला, निबंधात चिकटवला आणि अकरा पन्नासला पाठवला. सकाळी उत्तर आलं: “चित्र चालणार नाही. कृपया टाइप करून पाठवा.”