वस्तू नंतर, दुकान आधी

स्टिरिओ कुठून घ्यावा, हे मी आप्पांना विचारलं, ही माझी चूक. आमच्या वाड्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याचे पुढचे सहा रविवार गेलेच म्हणून समजा.

"वस्तू नंतर, दुकान आधी," आप्पा म्हणाले आणि पायांत चपला सरकवल्या.

दगडूशेठला लांबूनच हात जोडून आम्ही तपकीर गल्लीत शिरलो. पहिल्या दुकानात आप्पांनी स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, नारळ घेताना करतात तसं. "पोकळ वाजतंय. प्लाय नाही, पुठ्ठा आहे." मग मालकाला विचारलं, "किती वॉट?" तो मोठ्या उत्साहात म्हणाला, "काका, दोन हजार!" झालं, आप्पा पायरी उतरलेसुद्धा. "पीएमपीओ सांगतोय. टू-इन-वनच्या जमान्यातली थाप! आरएमएस विचारलं की पन्नासवर येईल." मग मंडईपर्यंत माझा वर्ग. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॉट लागतात. पानवाल्यानेही मान डोलावली.

आप्पांच्या पिशवीत एक सीडी असते. एका जुन्या मैफलीची. सुरुवातीला दीड मिनिट नुसते तानपुरे जुळताहेत. "तानपुरा खोटं बोलत नाही," असं ते म्हणतात. सवाईच्या मांडवात बैठकीवर रात्री काढलेला माणूस, त्यापुढे काय बोलणार? डोळे मिटून ते जवारी ऐकतात आणि गवई तोंड उघडायच्या आत हात वर करतात, "बंद करा." इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याला कोणत्याही दुकानात 'सा' लावायला मिळालेला नाही.

आप्पा वल्ली असले तरी कच्चे नाहीत, हे कबूल करायला हवं. एका वातानुकूलित शोरूममध्ये विक्रेत्याने आधी स्वस्त जोडी वाजवली, मग महागडी. मला महागडीच गोड लागली. आप्पा उठले आणि त्यांनी स्वतः आवाजाचं बटण फिरवून दोन्ही समान केले. गोडवा गेला! तो पोरगा महागडी जोडी जरा चढवून लावत होता. थोडं मोठं ते कानाला चांगलंच वाटतं.

चौथ्या रविवारी तर आम्ही मुंबई गाठली. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तिथे त्या नावाने पत्ता विचारून पाहा! प्रत्येक दुकानात आप्पांचा एकच सवाल, "दुरुस्ती कुठे करता?" "कंपनीत पाठवतो," म्हणणारा बाद. आतल्या टेबलावरून सोल्डरचा वास आला पाहिजे, हा त्यांचा दंडक. वास आला तो फक्त वड्याचा.

सहाव्या रविवारी पुन्हा तपकीर गल्ली. बोळाच्या टोकाला, जिना चढून, बोर्ड पुसट झालेलं दुकान. मालक मल्टिमीटर घेऊन एका उघड्या ॲम्प्लिफायरवर वाकलेले. त्यांनी मानही वर केली नाही.

"खोली केवढी?" त्यांनीच विचारलं.

"दहा बाय बारा," मी म्हणालो.

"मग ते मोठे बघूच नका. बास घुमेल नुसता. हे छोटे घ्या आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. तुमचा ॲम्प्लिफायर आठ ओमचा असेल तर चार ओमचे स्पीकर जोडू नका, तापेल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. सहा आठवड्यांत प्रथमच एका दुकानदाराने महाग वस्तू विकायला नकार दिला होता. खोक्यावर टकटक न करताच त्यांनी पिशवीतून सीडी काढली.

तानपुरे सुरू झाले. एक मिनिट. दीड मिनिट. मी सवयीने आप्पांच्या हाताकडे पाहत होतो. हात मांडीवरच राहिला. गवई खाकरला आणि त्याने 'सा' लावला. त्यानंतर पंचवीस मिनिटं तिघांपैकी कोणी बोललं नाही. मालकांनी सोल्डरिंग आयर्नसुद्धा बंद करून ठेवलं.

मी ती छोटी जोडी घेतली. आप्पांनी त्यांच्या घरच्या टू-इन-वनसाठी एक फ्यूज घेतला आणि त्याचं पक्कं बिल मागितलं.