बर्गी मिस

कोलकात्यात बदली शिक्षिका व्हायचं तर आधी दुसऱ्या कुणाला तरी दिवस जायला हवेत. बी.एड., टीईटी वगैरे पुढचं. 2017 मध्ये कायदा बदलला, बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली आणि आमच्या जमातीला बरे दिवस आले. पूर्वी वर्गातल्या मुलांची नावं पाठ होईतो मूळ बाई पेढे घेऊन हजर व्हायच्या. आता एक अख्खं सत्र निघतं.

सरकारी पात्रता निराळी. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड. शिवाय टीईटी: 150 प्रश्न, 150 गुण, खुल्या गटाला 90 मिळाले तर पास. त्यातले 30 गुण बालमानसशास्त्राचे. शेवटच्या तासाला आठवीच्या वर्गात उभं राहिलं की, हे शास्त्र ज्या बालकांवरून बेतलं ती कुठल्या मुलखातली, असा प्रश्न पडतो.

टीईटीचं प्रमाणपत्र 2021 पासून जन्मभर चालतं. नोकरी चालेलच असं नाही. 2016 च्या भरतीतल्या घोटाळ्यापायी पश्चिम बंगालमधल्या पंचवीस हजारांवर शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द झाल्या. 3 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सुक्याबरोबर ओलंही जळलं. पुढे ठपका नसलेल्या नववी ते बारावीच्या शिक्षकांना वर्षअखेरपर्यंत शिकवायची मुभा मिळाली, म्हणजे कायम माणसं आमच्या पंगतीला येऊन बसली. यावर आमच्या स्टाफरूममध्ये कुणी विनोद केला नाही. मीही करत नाही.

माझी निवड झाली ती आरतीनंतर. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीची खिरापत हातावर ठेवता ठेवता एका काकूंनी विचारलं, "तू नागपूरची ना गं? इतिहासात एम.ए., बी.एड. पण झालंय? आणि सकाळी उठतेस किती वाजता?" तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, हे मागाहून कळलं. शाळेत मुख्याध्यापिकांनी माझी फाइल उघडलीच नाही. "बांगला जानेन?" "एकटू एकटू." "उद्यापासून या."

इकडे वेळापत्रकाला रुटीन म्हणतात आणि गैरहजर शिक्षकाच्या तासाला प्रोव्हिजनल क्लास. पहिल्या घंटेआधी एक शिपाईदादा या तासांची वही घेऊन स्टाफरूममध्ये येतो. लांबट, लाल कापडी पाठीची वही, दोऱ्याला बांधलेलं पेन. आपल्या नावापुढे वर्ग लिहिलेला असतो, तिथे सही करायची. सही होईतो दादा जागचा हलत नाही. कायम नोकरीतल्या बायकांना नेमकं त्याच वेळी हात धुवायला जायचं असतं. बदलीवालीने हात घरून धुऊन यावेत. या वहीच्या कृपेने मी बीजगणित घेतलं, मूल्यशिक्षण घेतलं आणि एकदा चक्क बांगला. म्हणजे मुलांनीच माझा तास घेतला.

माझा हक्काचा तास आठवीचा इतिहास. मूळ बाई नेमक्या मराठ्यांच्या धड्यापाशी रजेवर गेल्या होत्या. आता 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर ज्या फौजा येत राहिल्या, त्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या. त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धाच राहिला, पण बागबाजारला मराठा डिच लेन अजून आहे. त्या मराठा स्वारांना इकडे बर्गी म्हणतात आणि बर्गी आल्याची अंगाई इथल्या आज्यांना तोंडपाठ. आपल्याकडे बागुलबुवा, इकडे आपण!

शिवाजी महाराजांपर्यंत मी झोकात शिकवलं. बंगालचा नवाब अलीवर्दी खान आला तसा आवाज जरा खाली आला. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने हात वर केला.

"मिस, तुमचं गाव कोणतं?"

"नागपूर."

क्षणभर वर्ग गप्प. मग मागून कुणीतरी, "बर्गी मिस!"

रघूजींचा सेनापती भास्कर पंडित याला 1744 मध्ये नवाबाने बोलणी करायला बोलावून दग्याने मारलं, हे मी जरा ठासूनच सांगितलं. चष्मेवाला बधला नाही. 1751 च्या तहापाशी त्याने बोट ठेवलं. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई.

"हे पैसे परत कधी मिळणार, मिस?"

"माझ्या पगारातून कापून घ्या."

"पगार किती?" त्याने भागाकारासाठी वहीचं मागचं पान उघडलंसुद्धा.

मी सांगितला नाही. पोरांनी वर्गणी काढली असती.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मराठी माणसाची बाजू सावरावी म्हणून मी सखाराम गणेश देऊस्करांचा विषय काढला. देवघरकडचं मराठी घर, मॅट्रिक होऊन तिथल्याच शाळेत मास्तर. मग कोलकात्यात येऊन 1904 मध्ये बांगलातून 'देशेर कथा' लिहिलं. इंग्रजांनी 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. स्वदेशीच्या दिवसांत राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात हा मराठी गृहस्थ बंगाली मुलांना बांगला शिकवत होता!

बांगलाच्या दिदींनी मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, डबा बाजूला सारला. "बी.एड. झालं होतं त्यांचं?"

"नाही हो."

"टेट?"

"तेव्हा कुठली?"

"मग आपल्याकडे लीव्ह व्हेकन्सीतही घेतलं नसतं," त्या हळहळून म्हणाल्या.

तेवढ्यात दुपारची वही घेऊन दादा दारात दिसला आणि दिदी हात धुवायला उठल्या. सातवी ब, बांगला. मी सही केली.