समृद्धी महामार्गास कारंज्याचं दिलगिरीपत्र

प्रति,
मा. समृद्धी महामार्ग साहेब
(पूर्ण सरकारी नाव पाकिटावर मावलं नाही, क्षमस्व),
मुक्काम नागपूर ते मुंबई, मध्ये कुठेही थांबा नाही.

विषय : आपल्या वाटेत आमचं गाव आल्याबद्दल दिलगिरी.

महोदय,

सा. न. वि. वि. आपण ७०१ किलोमीटर लांब, १२० मीटर रुंद. दहा जिल्हे ओलांडून जाता. त्यात आमचा वाशीम जिल्हाही आपण वर्ज्य मानला नाही. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून आपली स्वारी जाते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा आपला पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा पुलावर उभं राहून आम्हीही हात हलवले होते. गाड्यांचा वेग ताशी १२० असल्यामुळे ते कोणाला दिसले नसावेत. दोष हातांचाच.

आता दिलगिरीचं कारण. आमच्या गावाला थांबण्याची आणि थांबवण्याची फार जुनी खोड आहे. गुरु नृसिंहसरस्वतींचं हे जन्मस्थान, जैन भट्टारकांच्या पीठांचं गाव, कापसाची पेठ. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा चारही दिशांना वेशी, म्हणजे येणाऱ्याने आत यावं अशीच रचना. इथल्या एका सावकाराने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि वाड्याच्या चुन्यात कालवली, अशी दंतकथा आमच्याकडे पाव्हण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतात. १६७० साली सुरतेची दुसरी स्वारी झाल्यावर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा गाठलं. जदुनाथ सरकार लिहितात की इथली लूट चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली. लुटायला का होईना, माणसं वाकडी वाट करून आमच्याकडे येत होती, साहेब. आपण सरळ वाटेवर असून येत नाही.

आपल्याआधी आमच्याकडे एक बाई होत्या. नाव शकुंतला. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस ओढून न्यायला बांधलेली ही अडीच फुटी रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि मध्ये आम्ही. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मग मुंबई, मग मँचेस्टर. पुढे इंजिनही मँचेस्टरहूनच आलं, १९२१ साली बनवलेलं. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते वाफेचं धूड धावत होतं. धावत होतं म्हणायची आपली एक पद्धत. फाटकाशी गाडी थांबायची, गाडीचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि परत चढायचा. हात दाखवला तर ड्रायव्हर ओळखीने मान हलवायचा.

या बाईंची आठवण निघाली की आमच्या गावातले लोक गहिवरतात. वर्षातून एकदा पेपरातही इंजिनाचा फोटो आणि कौतुक छापून येतं. मी त्या गहिवरात फारसा सामील होत नाही. पोटात कळ आलेल्या माणसाला घेऊन ज्याने त्या डब्यातून मूर्तिजापूरपर्यंत तीसेक किलोमीटर काढले आहेत, त्याला तिचा संथपणा काव्यमय वाटत नाही. शिवाय ती आमच्या सोयीसाठी नव्हतीच, कापसाच्या सोयीसाठी होती. आम्ही गाठींच्या शेजारी बसून घेतलं, एवढंच.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. इंग्रजाचा डोळा गाठीवर होता, आणि गाठ शेतात पिकत नाही. शेतात पिकतो कापूस. दसऱ्याच्या सुमारास बाया सीतादही करून पहिल्या वेचणीला लागायच्या, मग बैलगाड्या भरभरून गावात यायच्या. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सगळी सरकी. एवढं ओझं मँचेस्टरला न्यायला इंग्रज खुळा नव्हता. सरकी इथंच काढा, रुई इथंच दाबा. म्हणून आमच्याकडे जिन आले, प्रेस आले, भोंगे आले. सरकी घाण्यावर गेली, तेल पेठेत आलं, पेंड पुन्हा गोठ्यात. माल गाव सोडण्याआधी चार हातांतून फिरायचा आणि प्रत्येक हातात काहीतरी ठेवून जायचा.

जिनमधल्या बायांच्या नाकातोंडाला फडकी असायची, तरी रात्री खोकताना रुईच घशात असायची. हे कोणी गहिवरून सांगत नाही. आठवणीतल्या जिनचा फक्त भोंगा ऐकू येतो. मला तो भोंगाही आठवतो आणि हप्त्याचा दिवसही, कारण हप्त्याच्या दिवशी टॉकीज भरायची.

टॉकीजविषयी आपणास काही सांगणं म्हणजे धाडसच. आपल्या अंगावर थांबायला फक्त टोलनाके आणि पेट्रोल पंप. तरी सांगतो. चित्रपटाची रिळं पत्र्याच्या डब्यांतून अमरावतीहून नाहीतर भुसावळहून यायची, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वितरकांची ठाणी तिथे. डबे आले की टांग्याला फलक लागायचा आणि भोंग्यावरून गल्लोगल्ली पुकारा. थर्ड क्लासात सगळ्यात पुढे बाकडी, बायकांना वेगळी जागा. मागच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरात जळणारी कार्बनची कांडी विझली की अंधारात शिट्ट्या. ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा बायकांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि पडद्यापुढे पैसे, फुलं वाहिली, हे देशभर झालं तसं आमच्याकडेही. त्याच १९७५ सालच्या ‘शोले’चे संवाद पाठ असलेली माणसं आजही हमालीच्या अड्ड्यावर सापडतील. रात्रीचा खेळ सुटला की खेड्यावरची पोरं घोंगडी अंथरून फलाटावर झोपायची आणि सकाळच्या गाडीने परत. गाडी, जिन आणि टॉकीज, तिघांचं वेळापत्रक एकच होतं : वेचणी ते होळी. पावसाळ्यात टॉकीजवाला माशा मारायचा आणि जुनी धार्मिक चित्रं लावायचा.

पेठेचंही तेच. कापडवाला, भांडेवाला, सराफ, सगळ्यांच्या उधारीच्या वह्या कापसाच्या चुकाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या. १९७२ला सरकारची एकाधिकार खरेदी आली, मग चुकारा हप्त्याहप्त्याने यायला लागला आणि उधारीही हप्त्याहप्त्याने फिटायला लागली. पण लग्नाचा बस्ता गावातच व्हायचा. वीसवीस माणसं दुकानाच्या गादीवर मांड्या घालून बसायची, दुकानदार चहा मागवायचा, नवरीची आत्या रुसायची, पुन्हा चहा. आता बस्ता अकोल्याला, नाहीतर अमरावतीला. रुसवा मात्र अजून घरीच होतो.

टॉकीज कशाने बुडाली असं विचारलं तर गावात एकच उत्तर मिळतं : टीव्ही आला, ‘रामायण’ आलं, व्हिडिओ आला. टीव्ही तर पुण्यातही आला होता, साहेब, आणि तिथे आजही लोक तिकीट काढून पडद्यापुढे बसतात. आमच्या टॉकीजला प्रेक्षक कमी पडले ते जिनचा हप्ता थांबल्यावर. कापसाची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनवर माझा राग नाही, ते तीनेक महिन्यांत हातात पैसा देतं, आणि कापसाने आमच्या भागात किती घरं उघडी पाडली ते मी आपल्याला सांगायला नको. पण सोयाबीन गावात थांबत नाही. मळणीयंत्रातून कट्ट्यात, कट्ट्यातून बाजार समितीच्या ओट्यावर, लिलाव, काटा, ट्रक, आणि मग आपण. तेल दुसरीकडे निघतं, पेंडही तिकडेच, मजुरीही तिकडेच. २०२४-२५ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि ओट्यावर त्याहून कितीतरी खाली बोली लागत होती. त्या पैशात बस्ता अकोल्याहून आणायचा म्हणजे गाडीभाडंही आलं.

टॉकीजच्या जागेचं काय झालं, हे विचारण्याचे कष्ट आपण घेणार नाही, म्हणून मीच सांगतो. आपल्या राज्याचा एक नियम आहे : जुनं थिएटर पाडून नवं काही बांधायचं तर पूर्वीच्या आसनांच्या एक तृतीयांश आसनांचं थिएटर ठेवावं लागतं. त्यामुळे राज्यभर कित्येक टॉकीजा न पाडलेल्या, न चालणाऱ्या अशा उभ्या आहेत. कुठे गोदाम, कुठे लग्नाचा हॉल. प्रेक्षक नसले तरी चालतील, खुर्च्या हव्यात, हे धोरण मला मनापासून आवडतं. पेठेलाही लागू करावं. दुकानात गिऱ्हाईक नको, पण गादी पाहिजे!

आपल्याविषयी माझी तक्रार नाही. आपल्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे, ते सुरक्षेसाठीच. दुचाकी आपल्याला चालत नाही, बैलबंडीचा तर प्रश्नच नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांचा आपण विचार केलात, वन्यप्राण्यांना वरून-खालून जायला आपल्याकडे वाटा आहेत, हे ऐकून तर फार बरं वाटलं. असो.

फक्त एक आठवण करून द्यायची होती. आपल्या जन्माच्या वेळी कडेकडेने कृषी समृद्धी नवनगरं वसणार असं सांगितलं होतं. त्याची पत्रकं आम्ही सांभाळून ठेवली आहेत. टॉकीज नको, दुकानं नकोत, शकुंतलेचं रुंदीकरणही राहू द्या, त्याच्या घोषणा आम्हाला पुरेशा झाल्या आहेत. आपल्या कडेला तेवढी एक तेलगिरणी आणि एक जिन-प्रेस येऊ द्या, आणि त्यात रुई खेचून घेणारे पंखे असू द्या. माल चार दिवस गावात थांबला पाहिजे. हप्ता मिळायला लागला की टॉकीज काढणारा माणूस आमच्याकडे कोणत्याही वेशीतून निघेल. कस्तुरी चुन्यात कालवणाऱ्यांचं गाव आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती. नसला तरी टोल असतोच.

आपला नम्र,
एक कारंजेकर

ता. क. : आमचा पत्र पोहोचवणारा माणूस दुचाकीवर असतो, त्यामुळे तो इंटरचेंजच्या दाराशीच थांबेल. तिथून पुढे पत्र आपण आपल्याच वेगाने न्यावं. उत्तर पाठवायचं झाल्यास मात्र गाडी गावात आणावी लागेल, चहाला वेळ काढूनच यावं.