दमानं घ्या!

कोल्हापुरात माणूस घडवायचं खातं पिढ्यान्‌पिढ्या तालमीतल्या वस्तादाकडे आहे. तालमी अजून आहेत, वस्तादही आहेत. पण शिरोली एमआयडीसीतला शेहेचाळीस वर्षांचा फौंड्रीमालक, दिवसाला दोन सिझेरियन करणारा डॉक्टर आणि गुजरीतला सराफ यांना लाल मातीत उतरवायला कोण धजणार? शिवाय त्यांना कुस्ती नकोच असते. त्यांना आयर्नमन व्हायचं असतं. त्यांची सोय म्हणून अलीकडे शहरात एक नवा इसम दिसू लागला आहे: ट्रायथलॉनचा कोच.

ओळखायला तो सोपा. पहाटे पाचला शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर एखादी स्कूटर माणसाच्या चालीनं चाललेली दिसली आणि तिच्यावरचा गडी शेजारी धापा टाकणाऱ्या गृहस्थाला दर दोन मिनिटांनी "दमानं घ्या, साहेब, दमानं" म्हणत असला, की समजावं, हाच तो. डोक्यावर एका शर्यतीची टोपी, अंगात दुसऱ्याच शर्यतीचा टी-शर्ट. दुकानातून घेतलेला सदरा त्याच्या कपाटात एकच, लग्नातला. हातापायांचा रंग उन्हानं रापलेला. घड्याळाच्या पट्ट्याखालची दोन बोटं कातडी तेवढी जन्माच्या वेळची.

नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. "परवा ते भेटलेले बघा दवाखान्यात..." "कोण ओ?" "ते की! थ्रेशोल्ड १६२, डावी टाच दुखतीय, पोहताना श्वास एकाच बाजूनं घेतात." आपल्या धाकट्या मुलीची इयत्ता त्याला बायकोला विचारावी लागते.

मुळात हा एक तर शाळेतला पीटीचा मास्तर असतो, नाही तर पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून आलेला इंजिनिअर. दुसऱ्या जातकुळीचा असला तर त्याच्या वडिलांची फार पंचाईत होते. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं आणि "मोठमोठ्या लोकांना पळवतो" असं सांगितलं, की समोरचा खुर्ची जरा मागं घेतो.

हे आयर्नमन प्रकरण निघालं हवाई बेटांवर, १९७८ साली. त्याआधी तिथं वाद पेटला होता की सगळ्यांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला? आपल्याकडे असा वाद गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रात्री बारापर्यंत चालला असता आणि उद्या बघू म्हणून सगळे घरी गेले असते. पण तिथं जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी होता. त्यानं सुचवलं की तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करून टाकू. १५ जण उतरले, १२ पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॅलर पावणेबारा तास राबत होता. कॉलिन्सनं सगळ्यांना जो कागद वाटला होता, त्यावर तिन्ही अंतरं देऊन शेवटी अशा अर्थाचं लिहिलं होतं की एवढं करा आणि उरलेला जन्म फुशारक्या मारत बसा. कोचचं म्हणणं असं की कोल्हापूरच्या माणसाला पहिले तीन प्रकार शिकवावे लागतात, चौथा तो घरून करून येतो.

अंतरंही सांगून टाकतो. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल (म्हणजे कोल्हापुरातून साताऱ्याला जाऊन जवळजवळ कराडपर्यंत परत) आणि मग ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. हे सगळं १७ तासांत. ज्यांना याचा विचार करूनच थकवा येतो, त्यांच्यासाठी निम्म्या अंतराची शर्यत असते. ती २०१९ पासून गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावरही होऊ लागली आणि कोल्हापुरातल्या कोचला बरे दिवस आले. गोवा म्हटल्यावर घरून परवानगी मिळणं अवघड असतं. पण शर्यतीला म्हटलं की घरचेही बॅगा भरतात.

आता त्याची खरी विद्या. लोकांना वाटतं, कोच म्हणजे शिट्टी मारून जोरात पळायला लावणारा. हा दरमहा पैसे घेतो ते हळू पळायला लावायचे. फौंड्रीवाल्या शेठजींचा पहिला दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे, कारण मी रंकाळ्याला रोज फिरायला असतो. शेठजी मागं कुत्रं लागल्यासारखे सुटले. शंभर पावलांवर कोचनं त्यांना थांबवून घड्याळ दाखवलं. ठोके १७१. नियम असा की १८० मधून वय वजा करा, उरेल त्या आकड्याच्या वर काळीज धडधडू द्यायचं नाही. शेठजींच्या वाट्याला आले १३४. तेवढ्या ठोक्यांत राहायचं म्हणजे शेठजींना पळण्याचा नुसता अभिनय करावा लागत होता. पाच मिनिटांत ते लालबुंद होऊन परत आले, दमून नव्हे, रागानं.

"सर, ते गुरुजी माझ्या पुढनं गेले की ओ!"

"जाऊ देत. त्यांचा झोन वेगळा, तुमचा झोन वेगळा."

"अहो, हातात दुधाची पिशवी होती त्यांच्या!"

कोच हसला नाही. अशा वेळी हसत नाही, हे त्याच्या धंद्याचं निम्मं भांडवल. त्यानं शेठजींना कठड्यावर बसवून सांगितलं, की माणसाच्या अंगात दोन टाक्या असतात. साखरेची लहान, चरबीची मोठी. (इथं त्यानं शेठजींच्या पोटाकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.) जोरात पळालं की लहान टाकीतून जातं आणि दीड-दोन तासांत ती कोरडी. हळू पळायची सवय महिनोन्‌महिने लावली, की शरीर मोठ्या टाकीला हात घालायला शिकतं. मग त्यानं मार्क ॲलनचं नाव काढलं. हवाईची जागतिक शर्यत सहा वेळा जिंकलेला हा माणूस सुरुवातीला असाच ठोके मोजत, लाज वाटेल इतका हळू पळायचा. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या पुढनं गुरुजी गेलेले काय?"

रोजचा कार्यक्रम कोच मोबाइलवर पाठवतो. केलं तर चौकोन हिरवा, नाही केलं तर लाल. लाल चौकोन या वयाच्या कर्तबगार माणसांना सोसत नाही. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर जशी वडिलांची सही करायचे तसे ते आता घड्याळावर हात फिरवतात. एका वकिलांनी घड्याळ पोराच्या मनगटाला बांधून त्याला मैदानावर सोडलं. कोचला तासाभरात संदेश गेला, ५ किलोमीटर झाले म्हणून. कोचनं आकडे बघितले आणि फोन लावला. "वकीलसाहेब, मधे सतरा वेळा थांबलाय, आणि तीनदा गोल फिरलाय. फुटबॉल कोण खेळत होतं?" दुसऱ्या एकाचं ४० किलोमीटर सायकलिंग गगनबावड्याच्या रस्त्यावर सरासरी ५२ च्या वेगानं झालं होतं आणि चढाला ठोके ८८. त्यावर कोचनं एवढंच लिहिलं, "पेट्रोल किती लागलं?"

सायकलीची किंमत हा आणखी नाजूक विषय. या खेळातली सायकल कधी कधी माणसाच्या पहिल्या मारुतीपेक्षा महाग असते आणि घरी सांगितलेला आकडा त्याच्या एक तृतीयांश असतो. किती शिष्यांनी घरी काय आकडा सांगितला आहे, याची नोंद कोचला डोक्यात ठेवावी लागते. वहिनींचा फोन आला, "सर, ही सायकल नक्की केवढ्याची ओ?" की त्याची रेंज जाते. परत फोन लागतो तो शेठजींशी बोलणं झाल्यावर. त्या महागड्या सायकलीच्या पॅडलला बूट अडकतात, आणि ते वेळेवर सोडवायला शिकेपर्यंत माणूस पडतो. तेही धावत्या सायकलवरून नाही, तर सिग्नलला, उभ्याउभ्या, तोडलेल्या झाडासारखा नव्हे तर अगदी सावकाश, आजूबाजूच्या सगळ्यांना नीट बघता येईल असा. शेठजी दसरा चौकात पडले. रिक्षावाल्यांनी उचललं. कोच मागून आला आणि म्हणाला, "तिसऱ्यांदा पडल्यावर सवय होत्या. एक झालं."

पोहण्याबद्दल शेठजी निर्धास्त होते. लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले. पंचगंगेला पूर आल्यावर या काठावरून त्या काठाला गेल्याच्या कथा कामगारांना पाठ होत्या. राजाराम तलावात कोचनं त्यांना ५०० मीटर पोहायला लावलं. शेठजी मान वर काढून, चारी दिशांना पाणी उडवत पोहले आणि बाहेर येऊन ऐटीत म्हणाले, "कसं काय?" कोच म्हणाला, "पाण्याला लई मारलंसा. त्याची काही चूक नव्हती." मग दोन महिने तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचा अभ्यास झाला. त्या दोन महिन्यांत कामगारांपैकी कुणी तलावाकडे फिरकू नये म्हणून जादा पाळी लावण्यात आली होती, असं ऐकतो.

आहाराच्या बाबतीत शिष्य एकच शब्द मनापासून पाळतात: कार्ब लोडिंग. कोच शर्यतीआधी दोनेक दिवस भात, बटाटा, पोळी वाढवायला सांगतो. शिष्य त्या कामाला दोन महिने आधीपासून लागतात आणि त्यात तांबडा-पांढरा आणि मटण कसं बसतं, ते कोचला पटवून देतात. सायकलवर दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात गेली पाहिजे म्हटल्यावर एका गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, "मग त्या परदेशी जेलीपेक्षा आमचा गूळ काय वाईट?" कोचनं विचार केला. म्हणाला, "वाईट काय न्हाई. फक्त चालत्या सायकलवर ढेप फोडता आली पायजे." पण गुळाचे छोटे खडे करून, मीठ लावून, प्लॅस्टिकमध्ये बांधून त्यानं त्यांना सरावाला दिले. या माणसाबद्दल मला आदर आहे तो अशा गोष्टींसाठी. पुस्तकातलं सगळं त्याला येतं आणि पुस्तकात नसलेलं माणूस बघून सुचतं.

शर्यतीआधीचे दोन आठवडे मात्र कोचचा कस लागतो. सराव कमी करायचा, झोपायचं, एवढंच शिष्याकडे काम असतं, आणि नेमकं तेच या मंडळींना कुणी कधी शिकवलेलं नसतं. सहा महिने ठणठणीत असलेला माणूस बसल्या जागी आजारी पडू लागतो. रात्री साडेअकराला फोन. "सर, गुडघ्यात टकटक वाजतंय." "काल वाजत होतं?" "काल बघितलं न्हवतं." दुसऱ्याला घसा दुखतो, तिसऱ्याला आपलं वजन दीड किलोनं वाढल्याचा शोध लागतो. एक जण गपचूप पहाटे उठून पन्हाळा चढून आला, शरीर विसरलं नाही ना ते बघायला. त्या दिवशी कोच चिडला. मी त्याला चिडलेला एवढा एकदाच पाहिला. ज्या माणसाला रोज उठवण्यासाठी त्यानं फी घेतली होती, त्याच्या दारात जाऊन तो म्हणाला, "आता झोपायची फी वेगळी लावू काय?"

शेवटची सूचना सगळ्यांना लेखी जाते. नवं काही वापरायचं नाही: नवा बूट नाही, नवा चष्मा नाही, नवा नाश्ता नाही. वेळेची चीप डाव्या घोट्याला बांधायची, उजवीकडे सायकलची साखळी असते. शेठजींनी गोव्याला पोहोचताच स्पर्धेच्या बाजारातून नवे बूट घेतले.

शर्यतीच्या दिवशी कोचइतका निरुपयोगी माणूस साऱ्या किनाऱ्यावर नसतो. नियमानं त्याला पाण्याची बाटलीही देता येत नाही. बाहेरून मदत घेतली की स्पर्धक बाद. तो कठड्यापलीकडे उभा राहतो, मोबाइलवर उशिरा येणारे आकडे बघतो, आणि बोटांवर हिशेब करतो. १.९ किलोमीटर पोहायला ७० मिनिटं मिळतात. शेठजी ६३ व्या मिनिटाला लाटेतून बाहेर आले, तोंडात वाळू, डोळ्यांत विजय. सायकलचे ९० किलोमीटर झाले. ऊन तापलं, दमट हवेत श्वासही ओला लागत होता. आणि पळायला निघताच नव्या बुटांतले शेठजी असे सुटले, की कोचनं डोक्याला हात लावला. सहा महिन्यांची तपश्चर्या पणजीच्या एका रस्त्यात! कठड्याला लागून तो त्यांच्याबरोबर पळू लागला, लोकांच्या खुर्च्या चुकवत, ओरडत: "दमानं घ्या, साहेब! दमानं!" शेठजींना वाटलं, जयघोष चाललाय. त्यांनी हात उंचावून अभिवादन केलं आणि वेग वाढवला.

आठव्या किलोमीटरला ते चालू लागले. पुढचे १३ किलोमीटर चाल, पळ, बर्फ, मीठ आणि बायकोचा चेहरा यांच्यावर निघाले. मुदत साडेआठ तास. ते ८ तास १९ मिनिटांनी पोहोचले. कोचच्या घड्याळात त्या दिवशी त्याचे स्वतःचे २६ किलोमीटर झाले होते, सगळे कठड्याच्या कडेनं.

चार दिवसांनी सायबर चौकात फ्लेक्स लागला. हार घातलेले शेठजी, खाली नगरसेवक, भावकी, मित्रमंडळ, आणि मोठ्या अक्षरांत 'आयर्नमन'. हाफ हा शब्द कुठं नव्हता. फ्लेक्सवाल्याचं म्हणणं, हाफ लिहिलं तर बोर्ड अर्धा वाटतो. कोपऱ्यात, कामगार संघटनेच्या खाली, सुपारीएवढ्या गोलात कोच होता. 'मार्गदर्शक' या शब्दाचा रफार पुढच्या नावावर गेला होता. मी त्याला फोन करून मुद्दाम तिथं बोलावला. तो स्कूटरवरून आला, पाय टेकून बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला. मला वाटलं, गहिवरला. तर तो म्हणाला,

"चीप उजव्या पायाला बांधलीय बघा."